धायटी : ताणावर फुलणारे झुडूप

माघ सरून फाल्गुन लागला, की सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सिल्लेवानीच्या घाटात शिरताच प्रवाशाची नजर दोन्ही अंगांच्या उतारांवर खिळते. गवत वाळून पिवळे पडलेले असते. सागाच्या पानांचा थर खाली साचलेला असतो. ओढ्यांच्या पात्रांत वाळूखेरीज काही उरलेले नसते. अशा वेळी मुरमाड उतारावर, खडकांच्या कपारीत, कोणी एक ओंजळ पाणीही न घातलेली काही झुडपे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लालभडक झालेली दिसतात. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की, वाळल्या रानात कोणी जागोजाग निखारे पसरून ठेवले आहेत. हे झुडूप म्हणजे धायटी होय. हिंदी भाषिक तिला धवई किंवा धाय म्हणतात, आणि संस्कृत ग्रंथांत तिची धातकी, ताम्रपुष्पी, अग्निज्वाला अशी नावे आढळतात. शेवटचे नाव देणाऱ्याने ती फाल्गुनातच पाहिली असली पाहिजे.

हे दृश्य पाहून एखाद्या हौशी गृहस्थाला मोह होतो. तो गाडी थांबवितो, एखादे लहानसे झुडूप मुळांसकट उपटतो, ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणतो आणि अंगणात खड्डा खणून लावतो. सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालण्यास घरातील मुलांना बजावतो. आठ दिवसांत फुले कोमेजतात, पंधरा दिवसांत काड्या वाळतात, आणि घरात एक निर्णय कायमचा होऊन बसतो : रानातले झाड रानातच बरे, ते अंगणात लागावयाचे नाही. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही गावांच्या परिसरात हा समज पुष्कळांच्या मनात घर करून बसला आहे. तो समज चुकीचा आहे, एवढेच नव्हे, तर या मुलखाला तो महाग पडत आहे. तो का महाग पडतो, हे कळण्यासाठी प्रथम अंगणातील पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे.

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेला हा टापू मराठी भाषिक आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर तहसील त्यातच आली. जिल्हा नवा झाला तरी हवामान जुनेच आहे. पाऊस चार महिन्यांचा आणि कोरडा काळ आठ महिन्यांचा. नागपूरप्रमाणेच येथेही मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. खोऱ्यात काळी माती, चढावर मुरूम आणि बरड जमीन. संत्र्याच्या बागा हे या भागाचे वैभव होय, आणि त्या बागा विहिरींवर व कूपनलिकांवर उभ्या आहेत. सीमेपलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका संत्र्यासाठी तितकाच नावाजलेला आहे. तेथे जमिनीतून उपसले जाणारे पाणी पावसाने भरून येणाऱ्या पाण्याहून अधिक असल्याचे शासकीय भूजल पाहणीत नोंदले गेले आहे. जमिनीखालील पाणी राज्यांच्या सीमा ओळखत नाही. तेव्हा शेजारच्या घरातील हा इशारा येथेही ऐकला गेला पाहिजे.

आता घरातल्या बागेकडे पाहावे. एका कुंडीला रोज पाच लिटर पाणी धरले, तर महिन्याला १५० लिटर होते. कोरड्या आठ महिन्यांत हीच बेरीज १,२०० लिटरवर जाते. दहा कुंड्या असल्या, तर १२,००० लिटर. हे पाणी बहुतेक घरांत नळाचे किंवा विहिरीचे असते, आणि वैशाखात जेव्हा नळ एक दिवसाआड येऊ लागतो, तेव्हा पहिली कात्री कुंड्यांच्या पाण्यावरच लागते. पिण्याच्या हंड्यापुढे गुलाबाचा पाड तो काय? मग आठ महिने जिवापाड जपलेली बाग दहा दिवसांत माना टाकते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोपे विकत आणली जातात, पुन्हा तीच कथा घडते. दोन-तीनदा असे झाले, की घरातील माणसे अंगणाला फरशी बसवून मोकळी होतात. ज्या अंगणात सावली होती, पाखरे येत होती, तेथे भर दुपारी पाय ठेववत नाही.

या चक्रातून सुटण्याचा मार्ग सोपा आहे. ज्या झाडाने या मातीशी आणि या उन्हाशी हजारो वर्षे जमवून घेतले आहे, ते झाड अंगणात लावावे. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण धायटीला नेमकी लागू पडते. डोंगरात ती इतकी दिसते की, तिची किंमत कोणाला वाटत नाही. पळसाच्या वाट्याला निदान मान तरी आला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात जे झाड रोवले जाते, ते पळसाचेच. परंतु पळसाबरोबरच त्याच महिन्यांत फुलणाऱ्या धायटीला असा कोणी वाली नाही.

धायटी दिसावयास कशी असते, हे आधी नीट ध्यानी घेतले पाहिजे, कारण नावाच्या सारखेपणामुळे ती आणि धावडा यांत घोटाळा होतो. धावडा हा मोठा वृक्ष असून त्याचा डिंक बाजारात येतो. धायटी हे झुडूप आहे. तिची उंची सामान्यतः १ ते ३ मीटर. फांद्या लांब, लवचीक आणि कमानीसारख्या खाली झुकणाऱ्या. साल पातळ, तांबूस तपकिरी आणि धाग्याधाग्यांनी सुटणारी. पाने भाल्याच्या पात्याच्या आकाराची, समोरासमोर आलेली, बिनदेठाची म्हणावी इतक्या आखूड देठाची. पान उलटे करून पाहिल्यास खालची बाजू राखट व मऊ लव असलेली दिसते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके आढळतात. हे ठिपके म्हणजे धायटीची सर्वात सोपी खूण होय. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोजा असे आहे. वुडफोर्ड या इंग्रज वनस्पती-अभ्यासकाच्या नावावरून ते आले. मेंदी, डाळिंब आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले तामण ही तिची कुळातील भावंडे होत. मादागास्कर बेटापासून भारत व श्रीलंकेमार्गे दक्षिण चीनपर्यंत तिचा वावर आहे. सातपुड्याचे उतार हे तिचे घरच आहे.

तिच्या फुलाची रचना विलक्षण आहे. ज्याला सामान्य माणूस लाल फूल म्हणतो, ती वस्तुतः नळीसारखी लांबट पुष्पकोशाची पेली असते. खऱ्या पाकळ्या सहाच असून त्या इतक्या लहान असतात की, शोधून पाहाव्या लागतात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावत असतात. पाकळ्या नाजूक असतात, त्या लवकर गळून जातात. पण कोश टिकाऊ असतो. धायटीचा रंग दोन-दोन महिने का टिकतो, याचे उत्तर या रचनेत आहे. नळीच्या तळाशी मध असतो. त्यासाठी जांभळा शिंजीर हा चिमुकला पक्षी फांदीला लटकून आपली बाकदार चोच आत घालतो आणि निघताना कपाळावर पराग घेऊन जातो. बुलबुल येतात, मधमाश्या येतात. संत्र्याचा आंबिया बहर माघाच्या आसपास ओसरला, की बागेभोवतीच्या मधमाश्यांना पुढचे दिवस कठीण जातात. त्या दिवसांत धुऱ्यावरची धायटी त्यांची शिदोरी ठरते.

परंतु हे सर्व उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाण्यावाचून, कसे घडते? या प्रश्नाचे उत्तर संत्र्याच्या बागाइतदाराला नव्याने सांगावयास नको. आंबिया बहर घ्यावयाचा असेल, तर तो डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतो. मृग बहर घ्यावयाचा असेल, तर एप्रिल-मेमध्ये तोडतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस, असा अंदाज बांधून तो बागेला ताण देतो. पाने मलूल होतात, काही गळतात. नवखा माणूस हे पाहून घाबरतो. जाणता माणूस वाट पाहतो. ताणामुळे नवी पालवी फुटणे थांबते, पानांनी तयार केलेले अन्न फांद्यांत साठते आणि त्या साठ्यावर कळ्या धरतात. मग खतपाणी मिळताच बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. जे झाड बाराही महिने पाण्यात ठेवले जाते, ते पाने पुष्कळ देते, पण बहर धड देत नाही.

धायटीच्या बाबतीत हा ताण देण्याचे काम निसर्गच दरवर्षी करतो. पावसाळ्यात तिच्या फांद्या झपाट्याने वाढतात. आश्विन-कार्तिकात वाढ मंदावते. थंडी आणि कोरड यांच्या जोडीत तिची बरीचशी पाने गळतात, म्हणजे पाणी बाहेर टाकणारी दारे ती आपणहून लावून घेते. उरलेल्या पानांच्या खालच्या लवेमुळे वाफ कमी निघते. खडकांच्या भेगांतून खोल गेलेली मुळे थोडक्या ओलाव्यावर झुडूप जगवितात, आणि फांद्यांत साठलेल्या अन्नावर माघ-फाल्गुनात फुले येतात. फरक एवढाच की, संत्र्याला ताणानंतर पाणी सोडावे लागते. धायटीला तेही लागत नाही. संत्र्याच्या बागेत जो गृहस्थ इतक्या विचाराने पाणी तोडतो, तोच घरी आल्यावर अंगणातील प्रत्येक झाडाला रोज सारखेच पाणी घालतो, हे नवल आहे. बागेत शिकलेला धडा अंगणात आणला, तर निम्मे काम झाले असे समजावे.

येथे त्या उपटून आणलेल्या झुडपाची गोष्ट पुन्हा आठवावी. त्याचा घात तीन चुकांनी झाला. पहिली चूक ऋतूची. ज्या वेळी झुडूप आपला सर्व साठा फुलांवर खर्च करीत होते, नेमक्या त्याच वेळी त्याची मुळे तोडली गेली. दुसरी चूक वयाची. खडकात खोल गेलेली मुळे उपटताना वर राहतो तो केवळ बुंधा. पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे जमिनीतच तुटून राहतात. तिसरी चूक पाण्याची. चिकण काळ्या मातीच्या खड्ड्यात रोज घातलेले पाणी साचून राहिले, आणि जी थोडी मुळे उरली होती तीही कुजली. शिवाय राखीव वनातून झाड उपटणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही विसरता कामा नये. रानातले झुडूप रानातच असू द्यावे. घरासाठी रोप तयार करावे.

रोप तयार करण्याच्या रीती दोन आहेत. पहिली बियांची. आपल्या शेताच्या धुऱ्यावर किंवा ओळखीच्या मालकाच्या बरडावर धायटी असेल, तर चैत्र-वैशाखात तिची वाळलेली बोंडे तपकिरी झाली की, ती फुटण्यापूर्वी कापडी पिशवीत झाडून घ्यावी. बी अत्यंत बारीक असते. चिमटीत शेकडो मावतात. म्हणून ते मातीत पुरावयाचे नसते. पसरट कुंडीत किंवा पाट्यात दोन भाग चाळलेली वाळू, एक भाग माती आणि एक भाग जुने कुजलेले शेणखत चाळून भरावे, ते ओले करून सारखे करावे, आणि बी कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरावे. त्यावर माती टाकू नये. झारीने पाणी घातले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. म्हणून पाटे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. पेरणी मृगाच्या आसपास, सावलीत करावी. उगवलेली रोपे मोहरीच्या दाण्याएवढ्या पानांची असतात आणि पहिले दोन महिने वाढतच नाहीत असे वाटते. येथे धीर सोडू नये. चार-सहा पाने आली, की एकेक रोप पिशवीत हलवावे.

दुसरी रीत फांदीची. पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या अर्धवट पक्व फांद्यांचे वीतभर तुकडे घ्यावे. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली, तिरपा द्यावा. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढून टाकावी. खालच्या टोकाला कृषी केंद्रात मिळणारी मुळे फुटण्याची भुकटी लावावी आणि वाळूमिश्रित मातीत दोन-तृतीयांश भाग पुरून पिशव्या सावलीत ठेवाव्या. सर्वच तुकडे लागतील असे धरून चालू नये. पाच हवे असतील तर पंधरा लावावे. कोणत्याही रीतीने गेले, तरी रोप जमिनीत लावण्याजोगे होण्यास पुढचा पावसाळा उजाडतो. ज्यांना इतके थांबणे नको असेल, त्यांनी वनविभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी. मागणी झाली, तर रोपे तयार होतात. कोणी मागतच नाही म्हणून ती ठेवलीही जात नाहीत.

लावण्याची जागा निवडताना दोनच गोष्टी पाहाव्या : ऊन भरपूर असावे आणि पाणी साचू नये. मुरमाड अंगण असेल तर सुदैवच समजावे. तेथे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, आणि निघालेल्या मातीतच एक घमेले जुने शेणखत मिसळून तो भरावा. काळ्या मातीच्या सांदवाडीत मात्र खड्ड्यावर भिस्त ठेवू नये. तेथे तळाशी दगडगोटे, त्यांवर मुरूम आणि वर मुरूम-माती समभाग घालून वीत-दीड वीत उंचीचा ओटा करावा व त्यावर रोप लावावे. पावसाळ्यात ओट्याभोवतीचे पाणी निघून जाण्यास चर असावा. मोरीचे पाणी वाहते त्या बाजूस धायटी लावू नये. रासायनिक खत देऊ नये. त्याने पालवी माजते आणि फुले कमी येतात. दोन झुडपांत २ मीटर अंतर ठेवले, तर तीन-चार वर्षांत त्यांची दाट कुंपणासारखी ओळ होते. लावणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, आर्द्रा ते पुनर्वसूच्या सुमारास करावी, म्हणजे रोपाला पावसाचे पूर्ण तीन महिने मिळतात.

यापुढची पहिली दोन वर्षे खऱ्या अर्थाने महत्त्वाची. स्थानिक झाडाला पाणी लागतच नाही, ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच घातक आहे. रानात एका झुडपाखाली हजारो बिया पडतात आणि त्यांतील एखादीच तगते. अंगणात एकच रोप असते आणि ते तगले पाहिजे. म्हणून पाणी द्यावयाचे, पण क्वचित आणि भरपूर. रोज तांब्याभर पाण्याने वरची दोन बोटे माती तेवढी भिजते. मुळे पाण्याच्या आशेने वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले, की उन्हात भाजून निघतात. आठवड्याने एक बादली दिली, तर पाणी खोल जाते आणि त्यामागे मुळेही खोल जातात. पाणी अशा रीतीने द्यावे की, रोपाला पुढे त्याची गरज उरू नये.

हिशेब असा मांडता येईल. पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी १५ लिटरची एक बादली, म्हणजे सुमारे दहा बादल्या. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दर आठ दिवसांनी एक, म्हणजे सुमारे तेरा. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात काही नाही. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दर तीन आठवड्यांनी एक, म्हणजे पाच. एकूण अठ्ठावीस बादल्या, ४२० लिटर. एका कुंडीला एका वर्षात जे १,२०० लिटर पाणी लागते, त्याच्या सुमारे एक-तृतीयांश पाण्यात हे झुडूप पुढे कित्येक वर्षांसाठी आपल्या पायांवर उभे राहते. तिसऱ्या वर्षापासून पाऊस अगदीच दगा देईल तेव्हाच एखादी बादली द्यावी. आळ्यावर सोयाबीनचे कुटार किंवा पालापाचोळा चार बोटे पसरावा, पण तो बुंध्याला टेकू देऊ नये. नाही तर वाळवीला आमंत्रण मिळते. बादलीचे पाणी ताजेच असले पाहिजे असे नाही. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी साठवूनही चालते.

छाटणीचा नियमही फुलांवरूनच ठरतो. फुले मागील पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर येतात. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत जो धायटी छाटतो, तो फाल्गुनातली फुले छाटून टाकतो. छाटणी बी झडून गेल्यावर आणि पाऊस लागण्यापूर्वी, ज्येष्ठात करावी; लांब फांद्यांचा एक-तृतीयांश भाग काढावा. चार-पाच वर्षांनी झुडूप विस्कटलेले वाटले, तर ते जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून सर्वच तोडावे; बुंध्यातून नवे धुमारे जोमाने फुटतात. बियांपासून केलेले रोप बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलू लागते.

धायटीचे दोषही सांगितले पाहिजेत. तिच्या फुलांना सुगंध नाही. देवपूजेच्या तबकात ती जास्वंदीची जागा घेणार नाही. पावसाळ्यात ती हिरवीगार असली तरी तिचा आकार आखीवरेखीव नसतो, आणि हिवाळ्यात पाने गळताना ती काही दिवस केविलवाणी दिसते. म्हणून ती एकटी लावण्यापेक्षा तिला तिच्याच रानातील सोबती द्यावे. दिवाळीपासून थंडीभर पिवळी कोरांटी फुलते, फाल्गुन-चैत्रात धायटी, वैशाख-ज्येष्ठात पांढरा कुडा, आणि पावसाळ्यात निर्गुडीचे निळसर जांभळे तुरे. ही चारही झुडपे रोजच्या पाण्यावाचून जगणारी आहेत. अशा अंगणात वर्षातील कोणत्याही महिन्यात काहीतरी फुललेले असते आणि टँकरची वाट पाहण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही.

धायटीचे मोल फुलांच्या शोभेपुरतेच मर्यादित नाही. चरकसंहितेतील पुरीषसंग्रहणीय गणात, म्हणजे अतिसारात उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांत, धातकीपुष्पाचा समावेश आहे. अशोकारिष्ट, अरविंदासव यांसारखी आसवे व अरिष्टे तयार करताना काढ्यात धायटीची वाळलेली फुले घालतात. फुलांतील मधावर वाढणारे किण्वाचे सूक्ष्म जीव फुलांबरोबर काढ्यात जातात आणि त्यामुळे ते आंबण्यास मदत होते. फुलांत कषाय द्रव्य पुष्कळ असल्याने कातडी कमावण्यास व कापड लाल रंगविण्यासही ती वापरली जात असत. घरच्या फुलांवर मात्र औषधाचे प्रयोग कोणी करू नयेत. ते काम वैद्याचे. सांगण्याचा मुद्दा निराळा आहे. ही सर्व फुले रानातून येतात. उन्हाळ्यात आदिवासी स्त्री-पुरुष ती गोळा करून, वाळवून विकतात, आणि त्या चार पैशांवर अनेक घरांचा कठीण काळ सरतो. परंतु तोडलेल्या फुलाचे बी होत नाही, हे उघड आहे. फुलांबरोबर फांद्याही तोडल्या गेल्या, तर पुढच्या वर्षाचीही फुले जातात. ज्या गावाच्या अंगणांत आणि धुऱ्यांवर न तोडलेली धायटी उभी आहे, त्या गावाभोवतीच्या उतारांना बियांचा एक राखीव साठा मिळतो. बी इतके हलके असते की, वाऱ्याला ते नेण्यास श्रम पडत नाहीत.

शाळांच्या आवारांत, ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या मोकळ्या जागांत हा प्रयोग आणखी सोपा आहे. तेथे झाडे लागतात पावसाळ्यात आणि मरतात सुट्टीत, कारण मे महिन्यात पाणी घालणारे कोणी नसते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याची एक बादली आणि दुसऱ्यात तीन आठवड्यांची एक, एवढी जबाबदारी दोन वर्गांनी वाटून घेतली, तरी तिसऱ्या सुट्टीत झाडांकडे पाहावे लागणार नाही. मुलांना त्यातून झाडाची मुळे कोठे जातात आणि का जातात, हे पुस्तकापेक्षा अधिक चांगले कळेल. पानामागचे काळे ठिपके भिंगातून पाहण्यात एक तास सहज जाईल.

ज्याला यंदाच आरंभ करावयाचा असेल, त्याने फाल्गुनात घाटातून जाताना गाडी जरूर थांबवावी, पण कुदळ काढू नये. झुडूप कोणत्या उतारावर आहे, त्याखाली माती कशी आहे, ऊन कोणत्या बाजूने येते, हे नीट पाहून घ्यावे. घरी परतल्यावर अंगणात तशीच एक जागा शोधावी. वैशाखात धुऱ्यावरचे बी घ्यावे, मृगात पेरावे, पुढच्या आर्द्रात लावावे, आणि त्यानंतर अठ्ठावीस बादल्यांचा हिशेब भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. तो हिशेब पुरा झाल्यावर जो उन्हाळा येईल, त्यात नळ एक दिवसाआड येऊ लागला, तरी त्या कोपऱ्याची चिंता घरात कोणाला करावी लागणार नाही. त्याआधीच्या फाल्गुनात तेथे शिंजिरांची ये-जा सुरू झालेली असेल.